एक तारखेची मुलगी

८ ऑक्टोबर, मंगळवार

काल दुपारी पोलिसांनी आमच्या पोरीला शाळेच्या फाटकातून नेलं. झालं, लिहिलं एकदाचं.

ही डायरी स्टेशनरीवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली, आजवर कोरी होती. सव्वीस वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात टेबल टाकून मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. स्वतःचं एक वाक्य कधी लिहावं लागलं नाही. आता कुणाजवळ बोलायची सोय नाही म्हणून लिहितो. बायकोशी बोलायला गेलो की ती स्वयंपाकघरात जाते.

झालं ते असं. पोरीच्या मैत्रिणीला दुसऱ्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिच्या बापाचं गॅरेज आहे. तो म्हणाला, कुठे जायचं नाही, इथेच हिशेब बघ. वसतिगृहाला बापाचं संमतिपत्र हवं होतं. ते आमच्या कार्टीने तयार केलं. मजकूर, बापाची सही, 'माझ्यासमक्ष सही केली' असा नोटरीचा शिक्का, सगळं साग्रसंगीत. मैत्रीण तीन तारखेला निघून गेली आणि गॅरेजवाला चौकीत पोचला.

चौकीतल्या बाईंनी तो कागद मला दाखवला. एकही चूक नव्हती. समास बरोबर, परिच्छेद बरोबर. खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. मग लाज वाटली.

बाईंनी पोरीला वय विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आता एवढी मोठी घोडी, स्वतःचं वय सांगायलाही बाप लागतो! मी फाईल नेलीच होती. आमच्या घरात प्रत्येक कागदाला लेबल आहे. शाळेचा दाखला काढून टेबलावर ठेवला. अठरा पूर्ण, वर एक महिना सहा दिवस.

"म्हणजे सज्ञान," बाई म्हणाल्या. "मग मोठ्यांच्याच कोर्टात जाणार ही."

"हो, अठरा," पोरगी म्हणाली. तिथे तरी उलट बोलली नाही.

"शिक्का कुठून आणलास?"

"सापडला."

"कुठे?"

"आठवत नाही."

मी ओरडलो, "अगं, नीट उत्तर दे की!" ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुढे अक्षर बोलली नाही. एवढा उर्मटपणा हिच्यात आला कुठून, मला कळत नाही. कागदात खोटं लिहायला हिला शिकवलं तरी कुणी?

९ ऑक्टोबर, बुधवार

तिला बायकांच्या तुरुंगात ठेवलंय. मोठ्या बायकांच्या.

वकील बघायला हवा. माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर चाळीस वकील बसतात, सगळे मला 'काका' म्हणतात. त्यांच्यातल्या एकालाही सांगायची माझी छाती झाली नाही. टेबल बंद ठेवलं, बस पकडली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. काचेचं दार, दारावर सोनेरी अक्षरं. अक्षरांत एक वेलांटी चुकलेली. वकीलसाहेबांना म्हणालो, माझ्या शेजाऱ्याची मुलगी आहे.

"वय?"

"अठरा. नुकतीच झालीय."

"अरेरे!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "गुन्ह्याच्या दिवशी अठराला एक दिवस जरी कमी असता, तरी चित्र वेगळं होतं. मुलांचं कोर्ट, तुरुंगाऐवजी निरीक्षणगृह, आणि पुढे नोकरीच्या कागदावर डाग नाही. आता खोटी कागदपत्रं केल्याचा गुन्हा जन्मभर मागे लागणार. शेजाऱ्यांना सांगा, पोरीच्या आईने महिनाभर उशीर केला असता तर बरं झालं असतं." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मीही हसलो. शेजाऱ्याच्या मुलीला जितपत हसतात, तितपत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आता मी डायरीलाही फसवायला लागलो तर संपलंच. लिहून टाकतो.

तिच्या आईने उशीर केला होता. महिनाभर नाही, बावन्न दिवस.

पोरगी तेवीस ऑक्टोबरची. शाळेत घालताना नियम होता, एक सप्टेंबरला सहा पूर्ण हवीत. बावन्न दिवसांसाठी पोरीचं अख्खं वर्ष जाणार होतं. अक्षरं ओळखत होती, माझ्या टेबलाखाली बसून जुन्या कागदांवर नावं काढत होती. इतकी बारकी की मी तिला 'टिंबू' म्हणायचो. एवढी हुशार पोर घरी बसवायची? जेवणाच्या सुट्टीत मी एक प्रतिज्ञापत्र टाइप केलं. जन्म घरी झाला, नोंद राहून गेली, जन्मतारीख एक सप्टेंबर. पाच मिनिटांचं काम. व्हरांड्यातल्या निम्म्या लोकांना मी असं करून दिलंय, मग माझ्याच पोरीने काय घोडं मारलं होतं?

मग ती तारीख तिच्याकडून पाठ करून घेतली. मी विचारायचो, तुझा वाढदिवस कधी? ती म्हणायची, तेवीस ऑक्टोबर. मी टेबलावर पट्टी आपटायचो. आठवडाभरात 'एक सप्टेंबर' पक्कं झालं. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, मग तेवीस ऑक्टोबरला कुणाचा वाढदिवस?"

मी म्हणालो, "कुणाचा नाही."

त्यानंतर घरीही तेवीसला काही केलं नाही. पोर शाळेत बोलून गेली असती.

चौकीत तिने माझ्याकडे पाहिलं ते का, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी दाखला काढून दिला. खरं बोललो असतो तर माझं प्रतिज्ञापत्र उघडं पडलं असतं, टेबल गेलं असतं. हा विचार मी केला का? केला. पुरता केला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

काल दुसरा वकील गाठला. हा आमच्याच कोर्टातला. तळमजल्यावर बसतो, चटपटीत माणूस, कामं चुटकीसरशी करून देतो अशी ख्याती. त्याला मात्र सगळं सांगितलं, कारण त्याच्यापुढे लाज वाटत नाही. आता वाटतं, तीच धोक्याची खूण होती.

"त्यात काय एवढं!" तो म्हणाला. "नवीन प्रतिज्ञापत्र करा. थोरली मुलगी होती, लहानपणी वारली, तिची तारीख चुकून धाकटीला लागली. धाकटी सोळाची."

"ती सतराची आहे हो."

"सतरा फार काठावर येतं. संशय येतो. सोळा कसं, मोकळं वाटतं. टाइप तुम्हीच करा, तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

मी टाइप केलं. थोरलीची जन्मतारीख एक सप्टेंबर, मृत्यू तापाने. धाकटी एक जानेवारीची. खाली माझं नेहमीचं वाक्य: 'वरील मजकूर मी समजून उमजून, राजीखुशीने लिहून देत आहे.' सात मिनिटं लागली.

कागद घरी आणून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर बायको तो वाचत होती.

"आपल्याला आधी एक मुलगी होती?" ती म्हणाली.

"अगं, ते नुसतं..."

"आणि ती तापाने गेली. मला कुणी बोललं नाही ते."

तिने कागद टाकला नाही, फाडला नाही. घडी घालून माझ्या फाईलमध्ये ठेवला, वर लेबल लावायची पट्टीसुद्धा काढून दिली. मला असं वाटलं की धरणी दुभंगावी.

आज ती एकटीच पोरीला भेटून आली. मी गेलो नाही. डोकं दुखत होतं असं सांगितलं. पोरीने माझ्यासाठी निरोप दिलाय म्हणे: "बाबांना सांग, टेबलाच्या खणाला कुलूप लावत जा." घ्या! तुरुंगात बसून बापाला अक्कल शिकवते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी टेबलावर गेलो. नोटरीसाहेब नेहमीप्रमाणे आले, नेहमीप्रमाणे म्हणाले, "काका, मी जरा चहा घेऊन येतो," आणि नेहमीप्रमाणे शिक्का माझ्या खणात टाकून गेले. ते चहाला जातात ते जेवणानंतरच उगवतात. सव्वीस वर्षं हाच शिरस्ता. आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायला नको म्हणून शिक्का मीच मारतो.

खण उघडला. शिक्का बघितला. खणाला कुलूप लावत जा.

खण लावून टाकला. ती मला अक्कल शिकवत नव्हती. ती म्हणत होती, बाबा, लपवा. 'सापडला', 'आठवत नाही', हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. आणि मी भर चौकीत तिच्यावर ओरडलो, नीट उत्तर दे म्हणून.

दिवसभर एकही कागद हातून धड झाला नाही. एका घटस्फोटाच्या अर्जात 'विवाह'च्या जागी 'विनोद' टाइप झालं. ते जोडपं मात्र पोट धरून हसलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आता राहिली एकच. फुकटबाई.

आमच्या कोर्टात एक वकीलबाई आहेत. फक्त मुलांचे खटले घेतात, तेही सरकारतर्फे, मुलांच्या घरच्यांकडून काही न घेता. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, चप्पल कायम एका बाजूने झिजलेली. त्यांना फुकटबाई हे नाव व्हरांड्यात सगळे वापरतात. ठेवलं कुणी? मी. चहा पिताना म्हणालो होतो आणि लोक इतके हसले की नाव चिकटलंच. त्यांचे कागद मी नेहमी ढिगाच्या तळाशी ठेवत आलोय. तातडीचे म्हणाल्या तरी तळाशीच. एकदा तर एका मुलाचा जामीनअर्ज माझ्यामुळे दुसऱ्या दिवशी गेला. त्या मुलाला आणखी एक रात्र आत काढावी लागली असणार. तेव्हा माझ्या मनाला ते शिवलंही नव्हतं.

दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो आणि पाणी प्यायला आल्यासारखं करून परतलो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गेलो.

खोली जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं. बाकावर दोन आया बसलेल्या. मी त्यांच्यामागे बसलो. दोघींपैकी एकीने मला ओळखलं. मागे तिचा अर्ज मी टाइप केला होता. ती सरकून जागा देत म्हणाली, "तुमचंही पोर का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "होतं असं." मला तिच्याकडे बघवेना.

बाईंनी ऐकून घेतलं. मग टेबलावरून एक कागद उचलला. तेच ते बनावट संमतिपत्र, त्याची प्रत.

"ही केस माझ्याकडे परवाच आली होती, काका. शाळेतल्या एका शिक्षिकेने फोन केला, पोरगी अजून अठराची नाही म्हणून. दर तेवीस ऑक्टोबरला ही मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच बसून डबा खायची म्हणे. शिक्षिकेने एकदा खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं होतं, कुणाला बोलू नका या बोलीवर." त्यांनी कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे वाचलं. 'समजून उमजून, राजीखुशीने.' सगळे नुसतं 'राजीखुशीने' लिहितात. 'समजून उमजून' फक्त तुमच्या टेबलावरून येतं. तुमची वाटच बघत होते."

"मग बोलावलं का नाहीत?"

"तुम्ही स्वतःहून आला नसतात तर उद्या बोलावणार होते. पण स्वतःहून आलेला बाप कोर्टात बरा उभा राहतो."

मी फाईल उघडून दाखला काढायला गेलो तर तो दुसरा कागद बाहेर आला, थोरल्या मुलीचा. त्यांनी वाचला. मी मान वर केली नाही.

"एक सप्टेंबर. एक जानेवारी," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी बघतेय, खोट्या जन्मतारखा नेहमी एक तारखेच्याच असतात. खरी मुलं कधीही जन्मतात हो. हा कागद तुम्ही फाडायचा, मी नाही."

मी फाडला. बारीक बारीक तुकडे केले. मेलेली मुलगी मेली. मला हे वाक्य आता लिहितानाही कसंतरी होतंय, पण तसंच वाटलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. वय बघतात ते गुन्ह्याच्या दिवशीचं. तीन ऑक्टोबरला पोरगी सतराचीच होती. पण दाखल्याच्या विरुद्ध काहीतरी जुना पुरावा हवा, आणि दाखला खोटा कसा झाला हे सांगणारा माणूस हवा.

"माणूस मी आहे," मी म्हणालो.

"टेबल जाईल तुमचं. तुमच्यावर वेगळी केसही होऊ शकते. ती मी घेणार नाही. मी मुलांच्याच घेते." मग म्हणाल्या, "आणि हो, नाव चांगलं ठेवलंत. फी नाही हे लोकांना आधीच कळतं. विचारायला लाजणारेसुद्धा येतात."

जिन्याखालून बाहेर पडताना डोकं जोरात आपटलं. बरंच झालं, डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

जुना पुरावा कुठून आणायचा? प्रसूतिगृह बंद पडून आता तिथे टायरचं दुकान आहे. लसीकरणाचं कार्ड होतं, पण ते मी शाळाप्रवेशाच्या वेळीच बायकोला फाडायला सांगितलं होतं. तिला हे सगळं सांगितलं, तर ती उठली आणि शिवणाच्या डब्यातून, बटणांच्या खालून, कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. पिवळं पडलेलं. पहिला डोस, चोवीस ऑक्टोबर. वय: एक दिवस.

"अगं, मी तर फाड म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात. मी हो म्हणाले."

"बारा वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. "आणि तेवीस तारखेला मी तिला दरवर्षी सकाळी तुमच्याआधी उठवते. डबा वेगळा देते. तेही विचारलं नाहीत."

माझ्या घरात प्रत्येक कागदाला लेबल आहे, असं मी याच डायरीत छाती फुगवून लिहिलं होतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

माझं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. सात मिनिटांत होईना. दीड तास गेला. पहिला परिच्छेद: मी खोटी तारीख दिली. दुसरा: का दिली. इथे चार ओळी लिहिल्या, त्यात पोरगी किती हुशार होती वगैरे. बाईंनी चारही खोडल्या. म्हणाल्या, "काका, ही सफाई झाली. कोर्टाला तारीख हवीय, तुमचं प्रेम नको."

तिसरा परिच्छेद मी त्यांना न विचारता घातला. शिक्का माझ्या खणात होता, खणाला कुलूप नव्हतं, मुलगी लहानपणापासून माझ्या टेबलाशी वावरते. बाईंनी वाचून चष्मा काढला. "याची गरज नव्हती. वयासाठी तर अजिबात नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

नोटरीसाहेबांना आधी सांगितलं. त्यांच्याही पोटावर पाय येणार, निदान माझ्या तोंडून कळावं. ते म्हणाले, "काका, सव्वीस वर्षं मी चहा पीत होतो हो." शिक्का उचलून खिशात टाकला आणि गेले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज कोर्ट होतं. ज्या दाराबाहेर सव्वीस वर्षं बसलो, त्याच्या आत पहिल्यांदा बाकावर बसलो. सगळा व्हरांडा आत डोकावत होता. तळमजल्यावरचा चटपटीत वकीलही होता. त्याने मला ओळख दाखवली नाही.

पोरीला आणलं. दोन आठवड्यांत खांदे उतरले होते. बाईंनी तिला आधी बजावून ठेवलं होतं, खरी तारीख सांगायची. न्यायाधीशांनी विचारलं, "तुझी जन्मतारीख?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चौकीत पाहिलं होतं तस्संच. आणि म्हणाली, "एक सप्टेंबर."

एका दमात, न अडखळता. मी पट्टी आपटून शिकवलेलं. बाईंनी डोळे मिटले.

मी उठलो. शिपाई म्हणाला, खाली बसा. न्यायाधीश म्हणाले, तुमची वेळ येईल तेव्हा बोला. मी बसलो नाही. म्हणालो, "साहेब, ती तारीख माझी आहे. मी टाइप केलेली. तिची तेवीस ऑक्टोबर. ती खोटं बोलत नाहीये, ती माझं ऐकतेय."

नंतर बरंच काही झालं, ते सगळं नीट आठवत नाही. कार्ड बघितलं गेलं, माझा कागद वाचला गेला. सरकारी वकिलाने मला विचारलं, असे आणखी किती दाखले केलेत? मी खरं सांगितलं, मोजले नाहीत. मागे व्हरांड्यात कुजबुज झाली. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, मुलगी त्या दिवशी अठराच्या आतली होती, प्रकरण मुलांच्या कोर्टात जाईल, आज संध्याकाळपर्यंत तिला मुलींच्या निरीक्षणगृहात हलवा. आणि मला वेगळी नोटीस.

टेबल दुपारीच उचललं. यंत्र पोत्यात गुंडाळून घरी आणलं. शेजारचा टायपिस्ट म्हणाला, "काका, पोरीपायी सगळं घालवलंत." मी त्याला म्हणालो, "उलटं आहे रे." त्याला काही कळलं नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

भेटीची वेळ अकराची होती. दोघं गेलो. दारापाशी रजिस्टर असतं. भेटायला येणाऱ्याचं नाव, नातं, मुलीचं नाव, मुलीची जन्मतारीख. बायकोने पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं. सव्वीस वर्षं हजारो तारखा टाइप केल्या, पण ही हाताने लिहिताना दोन आणि तीन दोन्ही वाकडे आले. रजिस्टरवाल्या बाई म्हणाल्या, "अय्या, आजच की!"

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या. पोरगी आली, आधी आईच्या गळ्यात पडली. मग माझ्या समोर बसली. खटला अजून व्हायचाय. बाई म्हणतात बहुधा समज देऊन सोडतील, पण खात्री नाही. मैत्रिणीचं पत्र आलंय, ती वसतिगृहातून परत यायला तयार नाही. हे सगळं मी तिला अर्जासारखं क्रमवार सांगितलं. ती ऐकत होती.

"बाबा, तुमचं टेबल?" तिने विचारलं.

"गेलं."

"मी कशाला मग एवढं..." ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी म्हटलं होतं ना, खणाला कुलूप लावा."

"कळलं नाही मला," मी म्हणालो. "उशिरा कळलं. चौकीत मी तुझ्यावर ओरडलो. मला फार लाज वाटते, टिंबू." बारा वर्षांत या नावाने हाक मारली नव्हती. पहिलीत असताना तिनेच बंद करायला लावलं होतं, शाळेत हसतात म्हणून.

ती बराच वेळ टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत होती. मग वर न बघता विचारलं, "आज तेवीस ना? मग आज कुणाचा वाढदिवस?"

बायको माझ्याकडे बघत होती. दारातल्या बाईही.

"तुझा," मी म्हणालो.

"परत सांगा," ती म्हणाली.

भेटीची वेळ संपेपर्यंत मी सांगत होतो.